पाण्यानंतरचे नाव

मॉइश्चरायझरची कोणतीही डबी उलटी करा आणि घटकांची यादी वाचा. पहिले नाव पाण्याचे असते. दुसरे किंवा तिसरे बहुतेक वेळा ग्लिसरीनचे. दर्शनी बाजूला मात्र केशर असते, कोरफड असते, अलीकडे हायल्युरॉनिक ॲसिड असते. ग्लिसरीन तिथे क्वचितच दिसते. या दोन बाजूंमध्ये जे अंतर आहे, त्यावर माझे घर चालले. मी क्रीम-लोशनचे फॉर्म्युले करते. माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेत तेलांचे रसायनशास्त्र शिकले, तेव्हापासून हेच करत आले. आता निवृत्ती जवळ आली आहे. निरोप समारंभात लोक चांगलेच बोलतात, त्यामुळे वाकडे काही बोलायचे असेल तर ते आपणच आपल्याशी आधी बोलून घ्यावे.

मी कायद्याबाहेर कधी गेलेले नाही. हे अभिमानाने सांगत नाही, कारण कायद्यात राहणे अवघड नाही. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापायचे; एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने. या दुसऱ्या कलमावर आमच्या धंद्याचा फार जीव आहे. केशराचा अर्क 0.01 टक्के असला तरी तो संरक्षक रसायनाच्या आधी छापता येतो आणि यादीत भारदस्त दिसतो. ग्राहकाला एकच खूण सांगते. फिनॉक्सीइथेनॉल हे नाव शोधा. ते टिकवण्यासाठी घालतात आणि एक टक्क्यावर घालता येत नाही. त्याच्यानंतर जे काही आले, ते सगळे एक टक्का किंवा त्याच्या आतले. हे मी आज लिहिते आहे. इतकी वर्षे मला कोणी विचारले नाही आणि मीही आपणहून सांगितले नाही.

ग्लिसरीनबद्दल मात्र मी कुठेही, कितीही बोलू शकते. तेल, तूप, चरबी, लोणी या सगळ्यांच्या रेणूत तीन मेदाम्ले एका ग्लिसरीनला धरून असतात. स्वीडनच्या कार्ल शेले यांनी 1779 मध्ये ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवले आणि हा गोड, दाट द्रव हाती लागला. साबण करताना तो आपोआप सुटतो, तेलाच्या वजनाच्या साधारण 10 टक्के. साबणकारखान्यात खाली राहिलेल्या खारट लायमधून तो काढतात. साबण न करता तेल पाण्याने, दाबाखाली फोडले तर जे गोडसर पाणी उरते, त्याला कामगारांपासून मॅनेजरपर्यंत सगळे स्वीट वॉटरच म्हणतात. थोडक्यात, हे उपउत्पादन आहे. दुसरेच काहीतरी करायला बसावे आणि हे उरावे. बायोडिझेलचे कारखाने वाढले तेव्हा ते इतके उरायला लागले की जगभर त्याचा भाव कोसळला. जाहिरातीला हा वंश चालत नाही. हिमालयातून आणले, पहाटे खुडले, असे काहीच त्याच्याबद्दल म्हणता येत नाही.

आणि काम? रेणुभार जेमतेम 92, त्यावर तीन हायड्रॉक्सिल गट, तिन्हींना पाण्याची ओढ. त्वचेच्या सर्वांत वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरात ते शिरते आणि तिथे पाणी धरून ठेवते, एवढेच आम्ही पूर्वी शिकलो होतो. पुढे कळले की ते याहून बरेच काही करते. हवा कोरडी झाली की त्या थरातले मेद घट्ट होऊन कडक पडते. ग्लिसरीन त्याला सैल ठेवते. मृत पेशींना जोडणारे प्रथिनांचे दुवे वेळेवर सुटायला मदत करते, म्हणून पापुद्रे निघत नाहीत. त्वचा स्वतःसुद्धा ते तयार करते, आपल्याच तैलग्रंथींच्या स्निग्धापासून. पेशींच्या भिंतींत पाणी नेणारी जी दारे असतात, ज्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना 2003 चे नोबेल मिळाले, त्यांतला एक प्रकार पाण्याबरोबर ग्लिसरीनही आत घेतो. ते दार नसलेले उंदीर तयार केले तेव्हा त्यांची कातडी कोरडी आणि ताठर निघाली. त्यांना ग्लिसरीन दिल्यावर ती सुधारली. हा निबंध मी वाचला त्या दिवशी ऑफिसात दोघा-तिघांना धरून सांगितला होता. कोणाला फारसे काही वाटले नाही. मार्केटिंगने दिलेल्या ब्रीफमध्ये त्या वेळी बदामाचे तेल होते.

हायल्युरॉनिक ॲसिड वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याची साखळी लांब असते, रेणुभार दहा-पंधरा लाखांच्या घरात जाऊ शकतो, त्यामुळे ते बरेचसे वरच राहते आणि हाताला रेशमी लागते. किलोमागे ते ग्लिसरीनच्या शंभरपटीहून महाग असते, म्हणून घालतात एक टक्क्याच्या कितीतरी आत. ग्लिसरीन पाच टक्के, कधी सात. ओलाव्याचे बरेचसे ओझे कोण उचलते हे फॉर्म्युला लिहिणाऱ्याला ठाऊक असते.

मग विकताना आम्ही काय म्हणतो? ‘72 तास ओलावा’. हा आकडा खोटा नाही. तो कसा येतो ते सांगते. कॉर्निओमीटर नावाचे यंत्र असते. त्याची पेनासारखी दांडी त्वचेवर टेकवली की वरच्या थराची विद्युतधारकता मोजली जाते आणि पडद्यावर एक संख्या येते. संख्येला एकक नाही. पाणी जास्त तर संख्या जास्त. चाचणीला आलेल्या बायकांना तापमान आणि आर्द्रता बांधून ठेवलेल्या खोलीत थोडा वेळ बसवतात. कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, हाताच्या आतल्या बाजूला चौकोन आखतात. एका चौकोनात क्रीम लावतात, शेजारचा कोरा ठेवतात. त्या जागेला साबण लावायचा नाही, दुसरे काही चोळायचे नाही. ठरलेल्या तासांनी परत मोजतात. क्रीम लावलेल्या जागेची संख्या कोऱ्या जागेपेक्षा संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल एवढी जास्त राहिली, की तेवढे तास आमचे. किती जास्त, ते डबीवर लिहावे लागत नाही.

आता ही चाचणी त्रयस्थ प्रयोगशाळा करते, कागदपत्रे नीटनेटकी असतात, जाहिरात परिषदेकडे तक्रार गेली तरी उत्तर तयार असते. त्या फाइलवर तांत्रिक बाजूने माझी सही असते. सही करताना मी प्रत्येक ओळ वाचते. एकही ओळ खोटी नसते. आणि तरीही, भांडी घासणाऱ्या बाईचे कोरडे होतात ते तळहात आणि बोटांची पेरे. हाताची आतली बाजू नव्हे. ती दिवसातून कितीदा पाण्यात हात घालते, याचा त्या खोलीशी काही संबंध नाही. शिवाय तुलना नेहमी काहीच न लावलेल्या कातडीशी. साध्या ग्लिसरीनच्या पाण्याशी तुलना करा, असे ब्रीफमध्ये कधी लिहून आलेले नाही. मीही लिहिले नाही. न विचारलेल्या प्रश्नावर सही घेत नाहीत, म्हणून मी सहीपुरती निर्दोष आहे.

इथे थांबले तर हे लेखन मला फार शोभून दिसेल. एका बाजूला लबाड मार्केटिंग आणि दुसऱ्या बाजूला कुढणारी शास्त्रज्ञ. पण मन एवढ्यावर सोडत नाही.

माझी धाकटी नणंद नागपूरला असते. तिकडची थंडी कोरडी. तिच्या पोटऱ्यांवर पांढरी नक्षी उठते, टाचा उलतात. तिला मी खरे ते सांगितले होते. मेडिकलमधून ग्लिसरीन आण, एक भाग ग्लिसरीन, तीन-चार भाग गुलाबपाणी, अंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच लाव, वरून खोबरेलाचा हात फिरव. नुसते ग्लिसरीन तसेच लावू नको. कोरड्या हवेत त्याला वरून पाणी मिळाले नाही तर ते आतून ओढते. तिने केले. मग फोनवर म्हणाली, “वहिनी, चिकट लागतं हो ते. साडीला चिकटतं, धूळ बसते.” आणि पुन्हा केशराच्या क्रीमकडे वळली. वर म्हणाली, केशराचा वास येतो म्हणून आठवणीने रोज लावते.

तर हेही खरे. त्या क्रीममध्ये पाच टक्के ग्लिसरीन आहे आणि ते चिकटत नाही, याचे कारण मी आहे. थोडे सिलिकोन, योग्य मेणचट अल्कोहोल, इमल्शनचे थेंब बारीक करण्यासाठी होमोजिनायझरचा नेमका वेळ, हे जमवायला माणूस लागतो. मुंबईच्या जुलैत अंगाला न लागणारे आणि नागपूरच्या जानेवारीत पुरणारे लोशन एकाच बाटलीत बसवायचे, ही चेष्टा नाही. लोक पैसे मोजतात ते या न-चिकटण्याचेही. न लावलेले ग्लिसरीन कोणाच्याच टाचा भरून काढत नाही, आणि वासामुळे बाई रोज लावत असेल तर वासही औषधच झाला की. हा युक्तिवाद मला पटतो. तो मला इतका सोयीचा आहे की त्याच्याकडे संशयाने पाहणे भाग आहे.

तो कुठे मोडतो, ते घरातच दिसते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचे हात डिटर्जंटने फाटलेले असतात, पेरांवर काळ्या चिरा. त्यांना मी अनेक वर्षे नमुन्याच्या ट्यूबा देत आले. ऑफिसात त्या ढिगाने पडलेल्या असतात. त्यांच्या मुलीच्या लग्नाआधी त्यांनी त्याच क्रीमची मोठी डबी दुकानातून पैसे देऊन घेतली, माझ्याकडून मिळते ते चांगले असणार म्हणून. औषधाच्या दुकानातली ग्लिसरीनची बाटली त्याच्या कितीतरी कमी पैशांत आली असती, रात्री झोपताना लावली असती तर चिकटण्याचा प्रश्नही नव्हता. नणंदेला सांगितले, मावशींना नाही. का? नणंदेला सांगण्यात माझे ज्ञान दिसते. मावशींना सांगायचे तर आधी हे सांगावे लागते की मी जे करते त्याची तुम्हांला गरज नाही. ट्यूब हातात देणे त्यापेक्षा सोपे. शिवाय देणाऱ्याला बरे वाटते.

(कोकणातल्या आमच्या आजीचे काम कोकमतेलाच्या गोळ्यावर भागायचे. चुलीच्या धगीला धरून वितळवायची आणि भेगांत भरायची. तिला यातले एकही नाव ठाऊक नव्हते. जुने सगळे सोने असते असे मला सुचवायचे नाही. कोकमतेल पाणी आत अडवते, स्वतः पाणी धरत नाही, आणि त्या भेगा उन्हाळा लागेपर्यंत पुरत्या भरायच्या नाहीत.)

माझ्या बाजूने एक गोष्ट मात्र मी नेहमी पुढे करते. 1986 च्या सुरुवातीला मी विद्यार्थिनी होते. भायखळ्याच्या जे.जे. रुग्णालयात मेंदूवरचा दाब उतरवण्यासाठी रुग्णांना ग्लिसरीन देत. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. मूत्रपिंडे निकामी होऊन 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने पुढे पुरवठादारांपासून औषध प्रशासनापर्यंत कोणी कुठे डोळे मिटले होते ते उघड केले. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. डायएथिलीन ग्लायकॉलही रंगहीन, दाट, गोड. नुसत्या नजरेला फरक कळत नाही. पण ग्लिसरीनची घनता 1.26 आणि याची 1.12 च्या आसपास. एकाच्या जागी दुसरेच भरलेले असेल तर साध्या हायड्रोमीटरनेही शंका यावी. थोडी भेसळ असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. औषधी ग्लिसरीनमध्ये त्याची मर्यादा 0.1 टक्का आहे. अमेरिकेत 1937 मध्ये डायएथिलीन ग्लायकॉलमध्येच विरघळवलेल्या औषधाने शंभरावर माणसे मेली होती. पनामात 2006 मध्ये ग्लिसरीन म्हणून आलेल्या पिंपांतून ते खोकल्याच्या औषधात गेले. म्हणजे धडा जुनाच होता आणि परत परत शिकावा लागला.

क्रीम कोणी पीत नाही. तरीही त्या वर्षाचा माझ्यावर असा पगडा बसला की 250 किलोच्या ड्रमवर पुरवठादाराचे सर्टिफिकेट चिकटलेले असले तरी आमची चाचणी झाल्याशिवाय मी माल प्लँटमध्ये सोडू दिला नाही. महिनाअखेरीला डिस्पॅचचे लोक दाराशी येऊन उभे राहत. “मॅडम, नेहमीचाच पुरवठादार आहे.” मी ऐकले नाही. बोलणी खाल्ली, एकदा बढतीही लांबली. याचे मला अजूनही बरे वाटते, आणि वाटू द्यायला हरकत नाही.

पण या कडकपणाचा मी दुसरीकडे कसा उपयोग केला, ते आज दिसते आहे. केशराच्या फाइलवर सही करताना मनात जे टोचायचे, त्याला मी त्या ड्रमचे उत्तर देत आले. जीव जाईल तिथे मी ताठ आहे. इथे फार तर पाकिटातले दोनशे रुपये जातील. गोरेपणाच्या क्रीमवर मी काम केले नाही, हेही याच खात्यात टाकत आले. पामतेलाचेही तसेच. आमचे ग्लिसरीन बहुतेक मलेशिया-इंडोनेशियाच्या पामतेलातून येते, डबीवर हिरवे पान छापून ‘वनस्पतिजन्य’ असे लिहितात, आणि सुमात्रा-बोर्निओतले जंगल कापून लावलेल्या बागाही वनस्पतीच असतात. त्यावर माझे उत्तर काय? मी शुद्धता तपासते. प्रश्न वेगळा, उत्तर ठरलेले.

आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट आहे. ती लिहायला मी टाळाटाळ करत होते, कारण ती जराशी हास्यास्पद आहे. ग्लिसरीनचे नाव पुढे येत नाही याचा मला जो राग येतो, तो सगळा ग्राहकासाठी नाही. काम एकाने करायचे आणि नाव दुसऱ्याचे, यात मला माझीच कहाणी दिसते. लॉंचच्या कार्यक्रमात मंचावर नटी असते, ब्रँड मॅनेजर असतो, पॅकेजिंगची संस्था असते. फॉर्म्युला करणारी बाई मागच्या रांगेत. म्हणजे मी ग्लिसरीनची वकिली करते तेव्हा फी मलाच मिळत असते. मावशींच्या दोनशे रुपयांची आठवण मला नेहमी या रागाच्या मागून आली आहे. कधी पुढून आली नाही.

सध्या टेबलावर एक नवे काम आहे. हायल्युरॉनिक ॲसिडच्या तीन आकारांचे मिश्रण, निळ्या काचेसारखी दिसणारी बाटली, आणि ‘96 तास’. बहुधा माझे शेवटचे. चाचणीचा आराखडा माझ्याकडून जायचा आहे. त्यात आणखी एक चौकोन आखायला सांगणे मला शक्य आहे: पाण्यात पाच टक्के ग्लिसरीन, बाकी काही नाही. खर्च किरकोळ. अहवाल अंतर्गत राहील, छापायचे बंधन नाही, नोकरीला धोका नाही. निवृत्तीच्या तोंडावर मला कोण काय करणार? ज्या मुलाने हे ब्रीफ लिहिले, त्याला मी विचारले असते तर तो “चालेल की मॅडम” म्हणाला असता.

आराखड्याचा मसुदा होऊन बरेच दिवस झाले. तो चौकोन मी घातलेला नाही. मालक, मार्केटिंग, बाजार यांपैकी कोणीही अडवलेले नाही. या बाटलीतले इमल्शन मी आजवर केलेल्यांत सगळ्यांत देखणे आहे. ते बोटावर घेतले की पाण्यासारखे पसरते आणि मागे काही ठेवत नाही. त्याची आणि ग्लिसरीनच्या पाण्याची संख्या चौथ्या दिवशी सारखीच निघाली, तर तो कागद मला वाचायचा नाही.